घरचा मेल सर्व्हर आणि २५ नंबरचं पोर्ट

घरच्या सर्व्हरवरून पहिली मेल सोडली की बहुतेकांना लॉगमध्ये एकच ओळ दिसते: ‘कनेक्शन टाइम्ड आउट’. पोस्टफिक्स (मेल पोचवणारं सर्व्हर सॉफ्टवेअर) ती मेल रांगेत ठेवून पाच दिवस खटपट करतं आणि मग परत पाठवतं. बहुतेक वेळा सेटिंग बरोबर असतं; इंटरनेट कंपनीने बाहेर जाणारं २५ नंबरचं पोर्टच, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते दारच, बंद केलेलं असतं.

ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी मेल पाठवण्याच्या एसएमटीपी या पद्धतीचा आरएफसी ८२१ हा नियमांचा दस्तऐवज लिहिला, तेव्हा पासवर्ड विचारायची सोयच त्यात नव्हती. कुणाचीही मेल घ्यावी, पुढे ढकलावी, असा शेजारधर्म होता. ‘स्मार्ट होस्ट’ हा शब्दही त्याच वळणाचा: ज्या मशीनला पुढची वाट ठाऊक नाही, त्याने मेल जाणकार मशीनच्या हवाली करायची.

नव्वदच्या दशकात स्पॅमवाल्यांनी हा शेजारधर्म ओरबाडून घेतला. १९९८ मध्ये सेंडमेल या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरचं ८.९ आलं, त्यात परक्यांची मेल पुढे पाठवणं मुळातच बंद होतं. त्याच डिसेंबरात आरएफसी २४७६ ने आपल्या माणसांची मेल स्वीकारायला ५८७ हे वेगळं पोर्ट नेमलं. १९९९ च्या आरएफसी २५५४ ने लॉगिनची रीत ठरवली.

मग स्पॅमवाले घराघरांतल्या कॉम्प्युटरमध्ये शिरले. २००३ चा सोबिग वर्म आठवतो? बाधित मशीन मालकाच्या नकळत स्पॅम ओकायची. कंपन्यांनी घरगुती जोडण्यांचं २५ बंद करायला सुरुवात केली आणि बदलत्या आयपी पत्त्यांच्या काळ्या याद्याही फिरू लागल्या. त्यामुळे पोर्ट उघडं मिळालं तरी समोरचा सर्व्हर ५५० किंवा ५५४ हा नकाराचा कोड तोंडावर मारतो. सुक्याबरोबर ओलंही जळलं, पण कंपन्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही.

उरला कंपनीचा रिले, म्हणजे आपली मेल पुढे पोचवणारा तिचा स्मार्ट होस्ट. सेटिंगमध्ये लागतं ते एवढंच: त्याचं नाव, ५८७, आपल्या खात्याचा पासवर्ड. पोस्टफिक्समध्ये ते नाव चौकोनी कंसात लिहायचं. कंस राहिला तर पोस्टफिक्स त्या नावाची एमएक्स नोंद (त्या नावाची मेल कुठल्या सर्व्हरने घ्यायची ते सांगणारी) शोधत बसतं आणि मेल भलतीकडेच जाऊ शकते. डोमेन स्वतःचं असेल तर एसपीएफ नोंदीत (त्या डोमेनची मेल कुठल्या पत्त्यांवरून येऊ शकते याची यादी) रिलेचे पत्ते घालावे लागतात. काही रिले तर परक्या डोमेनचा प्रेषक घेतच नाहीत. डीकेआयएमची सही (मेल त्या डोमेनचीच आहे हे पटवणारी डिजिटल खूण) मात्र घरीच करता येते, आणि मधल्या कुणी मजकुरात हात घातला नाही तर ती शाबूत पोचते.