खांब, मुका खांब आणि पहिला कपडा : क्रोशाच्या सोप्या कपड्यांची पार्श्वभूमी

क्रोशा शिकणाऱ्याने पहिल्या महिन्यातच अंगात घालायचा कपडा विणायला घ्यावा, हा सल्ला आज सर्रास दिला जातो. दोनशे वर्षांच्या इतिहासात तो तसा अलीकडचा आहे. 1800 पूर्वी युरोपात क्रोशा होता याचा ठोस पुरावा सापडत नाही. चौकटीवर ताणलेल्या कापडात आकड्याच्या सुईने साखळीटाके घालण्याची पौर्वात्य कला 18व्या शतकात तिकडे पोचली होती. खालचे कापड काढून टाकून तेच टाके हवेत घालण्यातून क्रोशा जन्मला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. 1812च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये आखूड आकड्याने लोकर विणत असल्याचे वर्णन मिळते, आणि 1820च्या दशकात एका डच मासिकात छापील नमुने येऊ लागतात. 1845 नंतरच्या दुष्काळात आयर्लंडमधल्या गरीब कुटुंबांना याच कामाने रोजगार दिला. एका घरात फुले, दुसऱ्या घरात पाने, आणि ती जोडणारी जाळी तिसऱ्याच कोणाच्या हातची, अशी कामाची वाटणी होती.

हे सगळे काम बारीक सुती दोऱ्याचे आणि लेसचे. जेमतेम मिलीमीटरभर जाडीची पोलादी सुई वापरून कॉलर, कफ, झालर विणायची. अख्खा झगा विणायचा म्हणजे अनेक हातांचे अनेक महिने. विणणारीने तो स्वतःसाठी, सहज म्हणून विणावा, हा विचारच त्या काळात बसत नव्हता.

फरक पडला तो दोऱ्याच्या जाडीमुळे. 1950 साली अॅक्रिलिक तंतूचे व्यापारी उत्पादन सुरू झाले आणि जाड, धुता येणारा, लोकरीपेक्षा स्वस्त दोरा हळूहळू घरोघरी पोचला. जाड दोऱ्याबरोबर 4 ते 6 मिलीमीटरच्या अॅल्युमिनियमच्या, पुढे प्लास्टिकच्याही सुया आल्या. बारीक सुती दोऱ्यात 10 सेंटिमीटर रुंदीत तीस-चाळीस खांब, म्हणजे सुईला एक वेढा घेऊन घातलेले उभे टाके, बसतात, जाड दोऱ्यात तेरा-चौदा. ओळींची संख्याही त्याच हिशेबाने घटते, म्हणजे तेवढ्याच आकाराच्या कपड्याला लागणारे टाके सात-आठ पटींनी कमी होतात. वर्षाचे काम काही आठवड्यांवर आले ते इथे.

1960 आणि 70च्या दशकांतली चौकोन जोडून केलेली जाकिटे याच दोऱ्याची. चौकोन स्वतः जुना आहे, त्याची छापील कृती 1885 सालापासून मिळते. पण पांघरुणात वापरला जाणारा तो तुकडा आता अंगावर आला. नवशिक्याला तो सोयीचा, कारण एक चौकोन एका बैठकीत संपतो आणि चूक त्या चौकोनापुरतीच राहते. मापाच्या बाबतीत मात्र तो हट्टी आहे. 15 सेंटिमीटरचे सहा चौकोन म्हणजे 90 सेंटिमीटरचा घेर, आठ म्हणजे 120. सात घेतले तर एका बाजूची शिवण चौकोनाच्या मधोमध येते. मधल्या मापासाठी चौकोनांची संख्या न बदलता सुई बदलणे हा त्या काळचा उपाय आजही उत्तम आहे. तोच चौकोन, त्याच फेऱ्या, फक्त 4.5ऐवजी 5 किंवा 5.5 मिलीमीटरची सुई.

डबल म्हणजे कोणता?

नवशिक्यांचे जितके कपडे हाताच्या चुकीने बिघडतात, तितकेच शब्दांच्या गोंधळाने बिघडतात असे म्हणायला हरकत नाही. इंग्रजी नमुन्यांत टाक्यांच्या नावांच्या दोन पद्धती आहेत, ब्रिटिश आणि अमेरिकन. शब्द बरेचसे तेच, अर्थ एका पायरीने सरकलेले. मराठीत सुईला वेढा न घेता घातलेल्या टाक्याला मुका खांब म्हणतात. अमेरिकन नमुन्यात तो सिंगल क्रोशे, ब्रिटिश नमुन्यात डबल क्रोशे. एक वेढा घेऊन घातलेला आपला नेहमीचा खांब अमेरिकेत डबल, ब्रिटनमध्ये ट्रेबल. एक वेढा घेऊन तिन्ही फासांतून दोरा एकदमच ओढला की होतो अर्धा खांब, तो अमेरिकेत हाफ डबल, ब्रिटनमध्ये हाफ ट्रेबल. दोन वेढ्यांचा दुहेरी खांब अमेरिकेत ट्रेबल आणि ब्रिटनमध्ये डबल ट्रेबल. डबल आणि ट्रेबल हे दोन्ही शब्द दोन्हीकडे आहेत आणि दोन्हीकडे वेगळ्या टाक्याला लावले जातात, खरा घात तिथे होतो.

नावे का सरकली हे लक्षात ठेवायला एक हिशेब उपयोगी पडतो. ब्रिटिश नावे सुईवरच्या फासांच्या संख्येशी जुळतात. मुका खांब पुरा करण्याआधी सुईवर दोन फास असतात म्हणून डबल, खांबाच्या वेळी तीन असतात म्हणून ट्रेबल. अमेरिकन नावे टाका पुरा करताना दोरा किती वेळा ओढून काढला त्याच्याशी जुळतात. मुक्या खांबाला एकदा, खांबाला दोनदा. ब्रिटिश पद्धतीत सिंगल नावाचा टाकाही पूर्वी होता. ज्याला आज दोन्हीकडे स्लिप स्टिच म्हणतात तोच तो. त्यामुळे ‘सिंगल हा शब्द दिसला की नमुना अमेरिकन’ हा नियम आजच्या नमुन्यांना लागू पडतो, 19व्या शतकातल्या ब्रिटिश पुस्तकांना पडत नाही.

परिणाम किती मोठा होतो हे आकड्यांत पाहावे. 54 सेंटिमीटर लांबीचा टॉप मुक्या खांबात आहे आणि 10 सेंटिमीटरला 16 ओळी बसतात असे धरू. नमुन्यात 86 ओळी असतील. त्यातला ब्रिटिश डबल कोणी अमेरिकन समजून विणला तर हातून खांब पडतील. खांबाच्या 10 सेंटिमीटरला सुमारे आठच ओळी बसतात, म्हणून 86 ओळींचा टॉप 107 सेंटिमीटरचा, गुडघ्याशी पोचणारा होतो. उलट चूक झाली, म्हणजे तेवढ्याच लांबीचा खांबांचा टॉप मुक्या खांबात विणला गेला, तर तो 27 सेंटिमीटरवरच संपतो. रुंदी दोन्ही वेळा जवळपास बरोबर येते, आणि म्हणूनच चूक उशिरा कळते. पहिल्या दहा ओळींत टाके मोजून बरोबर आले की विणणारीला वाटते, सगळे ठीक आहे.

ओळखण्याची सर्वांत खात्रीची खूण ओळीच्या टोकाला असते. काम वळवताना किती साखळ्या घालायला सांगितल्या आहेत ते पाहावे. साखळ्यांची संख्या टाक्याच्या उंचीवर ठरते आणि दोन्ही पद्धतींत ती सारखीच राहते. मुक्या खांबाला एक, अर्ध्या खांबाला दोन, खांबाला तीन, दुहेरी खांबाला चार. ‘डबल’च्या ओळीला तीन साखळ्या सांगितल्या असतील तर नमुना अमेरिकन, एकच असेल तर ब्रिटिश. हाफ डबल हा शब्द फक्त अमेरिकन नमुन्यात येतो, हाफ ट्रेबल फक्त ब्रिटिश नमुन्यात.

दोन्ही पद्धती एक करण्याऐवजी नमुन्याच्या डोक्यावर कोणती पद्धत आहे ते लिहावे, असा पायंडा पडला. 2000 नंतर नमुने जालावरून देशोदेशी जाऊ लागल्यावर तो अधिक पक्का झाला. शिकवणाऱ्या चित्रफितींत अमेरिकन नावांचा वरचष्मा आहे आणि ब्रिटनमधले अनेक लेखकही आता त्याच नावांत लिहितात. एकीकरण झाले असते तर छापून झालेली हजारो पुस्तके रातोरात चुकीची ठरली असती, हा ते न करण्यामागचा युक्तिवाद, आणि तो रास्त आहे. पण लेबल लिहिण्याची शिस्त सगळे पाळत नाहीत, आणि लेबल नसलेला नमुना हमखास नवशिक्याच्याच हाती पडतो. आकृतीवरून विणणे हा यातला सर्वांत स्वच्छ मार्ग आहे. जपानमध्ये घट्ट रुजलेल्या चिन्हपद्धतीत साखळी म्हणजे लंबगोल, मुका खांब म्हणजे फुली किंवा अधिक चिन्ह, आणि अर्धा खांब सोडला तर उभ्या दांड्यावर जितक्या तिरप्या रेघा तितके वेढे. मराठी नावांचा पायाही वेढ्यांचाच असल्यामुळे मराठीत शिकलेल्याला ही आकृती इंग्रजी नावांपेक्षा लवकर कळते.

सुयांच्या क्रमांकांचीही अशीच गत, पण तिथे उपाय झाला आहे. जुन्या ब्रिटिश क्रमांकात आकडा वाढला की सुई बारीक होते. 8 नंबर म्हणजे 4 मिलीमीटर, 6 नंबर म्हणजे 5. अमेरिकेत जाड सुयांचा आकडा वाढला की सुई जाड होते आणि तिथली 8 नंबर 5 मिलीमीटरची असते. पोलादी बारीक सुयांचा क्रम मात्र अमेरिकेतही उलटाच. आता बहुतेक सुयांवर मिलीमीटर कोरलेले असतात. तोच आकडा पाहावा.

आयताकडे

गेल्या दहा-पंधरा वर्षांत नवशिक्यांसाठीच्या कपड्यांचा आकार चौकोनाकडून मोठ्या आयताकडे सरकला. पुढचा एक, पाठीचा एक, खांद्यावर आणि बाजूंना शिवण. मुंढ्याला गोलाई नाही, बाही वेगळी लावायची नाही, टाके वाढवणे-घटवणे नाही. मोकळ्या, खांद्यावरून ओघळणाऱ्या कपड्यांची चाल आली म्हणून हे खपले. अंगाबरोबर बसणाऱ्या फॅशनच्या काळात हाच आयत ओबडधोबड ठरला असता.

त्याचा हिशेब छातीच्या मापापासून सुरू होतो. छाती 96 सेंटिमीटर, त्यात 10 सेंटिमीटर सैलपणा, म्हणजे 106 घेर, एका आयताची रुंदी 53. मध्यम जाडीचा दोरा, 5 मिलीमीटरची सुई आणि अर्धा खांब घेतला तर 10 सेंटिमीटरला साधारण 14 टाके आणि 10 ओळी येतात. 53 सेंटिमीटरला 74 टाके होतात. 76 साखळ्या घालून सुईपासून तिसऱ्या साखळीत पहिला अर्धा खांब घालायचा. वळतानाच्या दोन साखळ्या टाका म्हणून मोजायच्या नाहीत. 54 ओळींनी 54 सेंटिमीटर लांबी होते. दोन्ही आयत खांद्यावर जोडताना दोन्ही टोकांना 20-20 टाके शिवायचे आणि मधले 34 गळ्यासाठी मोकळे सोडायचे, गळा 24 सेंटिमीटरच्या आसपास येतो. बाजूची शिवण खालून 33 सेंटिमीटरपर्यंत. उरलेले 21 सेंटिमीटर मुंढा. 300 ते 350 ग्रॅम दोरा हाताशी असावा, आणि तो एकाच रंगणीचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेला, असावा. वेगळ्या रंगणीचा गुंडा पाठीच्या मधोमध पट्ट्यासारखा दिसतो.

हे आकडे तुमच्या हाताचे असतीलच असे नाही. म्हणून आधी 15 सेंटिमीटरचा तुकडा विणून, धुऊन, वाळवून मधले 10 सेंटिमीटर मोजायचे. 14च्या जागी 16 टाके आले तर 74 टाक्यांची रुंदी 46 सेंटिमीटर भरते आणि घेर 92, म्हणजे छातीपेक्षाही कमी. सुई अर्ध्या मिलीमीटरने वाढवून पुन्हा तुकडा विणावा. सुती दोऱ्याचा कपडा स्वतःच्या वजनाने लांबतो. त्यासाठी लांबी दोन-तीन सेंटिमीटर कमी धरावी आणि कपडा टांगून वाळवू नये. अॅक्रिलिकला इस्त्री टेकवू नये, तंतू वितळून चपटे होतात आणि पुन्हा उभे राहत नाहीत.

आयताची कडा आत ओढली जाणे ही सर्वांत नेहमीची तक्रार. दोन कारणे असतात. पायाच्या साखळ्या घट्ट पडतात आणि खालची कड आवळते, त्यासाठी फक्त साखळ्यांपुरती अर्धा ते एक मिलीमीटर जाड सुई घ्यावी. किंवा ओळीचा शेवटचा टाका सुटतो आणि आयताचा हळूहळू त्रिकोण होत जातो. वळतानाच्या साखळ्या मोजायच्या की नाही याबद्दल नमुन्यांत एकमत नसल्याने हे दुसरे कारण जास्त छळते. पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची खूण अडकवावी, दर ओळीला ती वर सरकवावी.

मन शांत होते हा दावा या कपड्यांना नंतर चिकटला, पण त्याचे मूळ जुने आहे. पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांच्या उपचारात हस्तकलेला जागा मिळाली होती. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत 87 देशांतल्या 8,391 क्रोशा विणणाऱ्यांनी उत्तरे दिली, त्यांतल्या 89.5 टक्क्यांनी विणल्यावर शांत वाटते असे सांगितले. आकडा मोठा आहे, पण उत्तरे देणारे आधीपासून आवडीने विणणारे होते आणि जवळजवळ सगळ्या स्त्रिया होत्या. ज्यांनी कंटाळून सुई ठेवून दिली त्यांचे मत त्यात नाही.

कामाच्या घडणीतले कारण अधिक पटण्यासारखे आहे. दोन सुयांच्या विणकामात शेकडो फास एकाच वेळी उघडे असतात आणि एक निसटला की खालपर्यंत उसवत जातो. क्रोशात टाका पुरा झाला की एकच फास उघडा उरतो. काम मध्येच ठेवता येते, चूक दिसली तर तिथवर उसवून पुन्हा सुरू करता येते. आयताच्या कपड्यात नमुन्याकडे पाहण्याचे प्रसंग फार थोडे, पायाची ओळ, गळा आणि शिवण. मधल्या पन्नासेक ओळी एकसारख्या. मुक्या खांबाचे कापड जाड होते आणि बराच दोरा खाते, खांबाच्या कापडात फटी दिसतात. म्हणून या आयतांसाठी अर्धा खांब निवडला जातो आणि ती निवड योग्य आहे. मात्र मनगट आणि अंगठा आधी थकतात. दर वीस-पंचवीस मिनिटांनी सुई खाली ठेवावी, आणि ठेवताना उघडा फास हातभर लांब ओढून ठेवावा, म्हणजे पिशवीत दोरा खेचला गेला तरी विणलेले उसवत नाही.