संत्र्याचं साल आणि चित्राच्या बाजूची जागा

घरी संत्री असतील तर एक काम करा. सालाचे चार-पाच मोठे तुकडे एकमेकांना चिकटवून मांडा, मधे बोटाच्या पेराएवढी जागा ठेवा आणि तिथे पेन्सिलने एकसारखा घासून करडा केलेला कागदाचा तुकडा ठेवा. तसाच दुसरा तुकडा कोऱ्या पांढऱ्या कागदावर. आता खिडकीच्या उजेडात दोन्हीकडे बघा. सालांमधला तुकडा किंचित निळसर वाटेल, पांढऱ्यावरचा साधा करडा. पेन्सिल एकच, कागद एकच, फरक फक्त शेजाऱ्याचा.

हे मला कळायला आमचा पहिला व्हिडिओ वाया जावा लागला. मी आणि माझा मावसभाऊ, आम्ही मराठीतून चित्रकलेवर छोटे छोटे व्हिडिओ करतो. एक चित्र घ्यायचं, दहा-बारा मिनिटं त्याच्याबद्दलच बोलायचं. सुरुवात अजिंठ्यापासून करायची हे पक्कंच होतं, कारण वाकाटक राजे तर आपल्या विदर्भाचेच, रामटेकजवळचं नगरधन म्हणजे त्यांची राजधानी नंदिवर्धन असं मानतात, आणि अजिंठ्याची बरीचशी लेणी त्यांच्या वाशिमकडच्या शाखेच्या हरिषेण राजाच्या काळातली. आता व्हिडिओंची काहीतरी ओळख पाहिजे, एक रंग, एक फॉन्ट, म्हणजे फोनवर दिसलं की लोकांना कळलं पाहिजे हे आपल्यावालेच. आम्ही नागपूरचे, मग रंग कोणता हा प्रश्नच नव्हता. भडक संत्री बॅकग्राउंड केलं आणि मधे पहिल्या लेण्यातला पद्मपाणी, म्हणजे हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व, ठेवला.

भाऊ म्हणाला, "ताई, हा असा मातकट काहून दिसून राहिला?"

खरंच मातकट दिसत होता. ती सोनेरी-तपकिरी कांती पार विझलेली. दोन संध्याकाळी आम्ही फोटोचे रंग वरखाली करण्यात घालवल्या, आणि चूक फोटोत नव्हतीच. डोळा आणि मेंदू मिळून कुठलाही रंग एकटा मोजत नाहीत, शेजारच्या रंगाच्या तुलनेत मोजतात. बाजूला भडक संत्री असलं की मधला कमी संत्री, म्हणजे तपकिरी, आणखी फिका आणि राखेसारखा वाटतो, आणि करडा असेल तर तो उलट्या बाजूला, निळ्याकडे सरकतो.

हे पहिल्यांदा नीट मांडलं ते शेव्ह्रल नावाच्या फ्रेंच केमिस्टने. १८२४ मधे तो पॅरिसच्या गोबलँ या राजेशाही विणकाम कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख झाला. तिथे तक्रार होती की काळी लोकर नीट काळी दिसत नाही. त्याने रंग तपासले, दुसरीकडच्या लोकरीशी ताडून पाहिले, केमिस्ट्रीत काही खोट सापडली नाही. मग लक्षात आलं की तो काळा धागा निळ्या-जांभळ्याच्या शेजारी विणला की मरगळलेला दिसतो. म्हणजे भांड्यातल्या रंगात काही दोष नव्हता, सगळा खेळ बघणाऱ्याच्या डोळ्यात होता. १८३९ मधे त्याने यावर जाडजूड पुस्तक काढलं आणि पुढे कितीतरी चित्रकारांनी ते नियम वापरले.

आता थोडं गणित, कारण मला स्वतःला याचाच धक्का बसला. व्हिडिओची चौकट १६:९, आडवी. उभं चित्र समजा ३:४ चं आहे आणि पूर्ण दाखवायचंय, तर ते स्क्रीनचा जेमतेम ४२ टक्के भाग व्यापतं. उरलेला ५८ टक्के स्क्रीन तुमचा, म्हणजे डिझाइन करणाऱ्याचा. आपण चित्र दाखवतोय असं म्हणतो पण अर्ध्याहून जास्त जागेतून प्रेक्षकाच्या डोळ्यात आपणच घातलेला रंग जात असतो, आणि तोच ठरवतो चित्र कसं दिसणार. त्या जागेत त्याच चित्राचं धूसर मोठं रूप भरायची जी पद्धत आहे ती मला अजिबात पटत नाही, चित्राच्या शेजारी चित्राचंच भूत उभं केल्यासारखं होतं आणि कडा कुठे संपली तेच कळत नाही.

मग काळं ठेवावं? आम्हालाही वाटलं, भारी दिसतं. पण काळ्या वेढ्यात गडद छटा असतात त्यापेक्षा उजळ वाटतात आणि चित्राचा एकूण कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ आणि गडद यांतला फरक, कमी झाल्यासारखा भासतो. थिएटरात अंधार असतो म्हणूनच सिनेमाची प्रिंट मुद्दाम जास्त कॉन्ट्रास्टची काढायचे. पांढऱ्यावर उलटं होतं, सावल्या बुडतात, तैलचित्रातला अंधार नुसता काळा डाग होऊन बसतो. म्हणून आम्ही मधल्या करड्यावर आलो. हा मधला म्हणजे नेमका कुठला तर स्क्रीनच्या ० ते २५५ या मोजपट्टीवर लाल, हिरवा, निळा तिन्ही रंग ११९. १२७ का नाही, तर डोळा उजेड सरळ रेषेत मोजत नाही, पांढऱ्याच्या जेमतेम १८ टक्के उजेड असला तरी आपल्याला तो "अर्धा" वाटतो, आणि ११९ बरोब्बर तिथे पडतो. या करड्यावर अक्षरं पांढरी ठेवली. त्याचा एक फायदा नंतर कळला, लोक रात्री फोन पिवळट करून बघतात, तेव्हा चौकटीत एखादी ओळखीची पांढरी गोष्ट असली की मेंदू तिच्यावरून बाकीचे रंग बराचसा सावरून घेतो.

अक्षरांचं प्रकरण वेगळंच. पहिल्या व्हिडिओत "चित्र" हा शब्दच फुटला होता, वेलांटी भलतीकडे गेली आणि जोडाक्षराच्या जागी पाय मोडलेला त. ते एडिटरमधे भारतीय लिप्यांचं सेटिंग चालू केल्यावर सुटलं. भाषा मराठी निवडली की बऱ्याच फॉन्टमधे ल आणि श पण आपल्या वळणाचे येतात, हिंदीचे नाही. पण संत्रीवर लाल अक्षरं घेतली होती तिथे अनुस्वार गायब! मोठ्या स्क्रीनवर सुद्धा. कारण व्हिडिओची फाइल लहान करताना उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची ठेवतात पण रंगाची चार पिक्सेल मिळून एकच. १९२० बाय १०८० च्या व्हिडिओत रंग खरं तर ९६० बाय ५४० एवढाच असतो. ही चोरी पकडली जात नाही कारण आपला डोळाही तसाच आहे, बारकावे तो उजेडातल्या फरकाने टिपतो, रंगाने नाही. रंग ओळखणाऱ्या डोळ्यातल्या पेशी म्हणजे शंकूपेशी, त्यांतल्या निळ्याला जागणाऱ्या तर एकूण शंकूपेशींच्या दहा टक्क्यांहूनही कमी, आणि नजरेच्या अगदी मध्यबिंदूत नाहीतच. रोमन लिपीचं यात फारसं बिघडत नाही, पण आपल्याकडे एका टिंबाने अर्थ बदलतो, रफार-मात्रा-अनुस्वार एकाच जागी गर्दी करतात, त्यामुळे अक्षर आणि मागचा भाग यांत उजेडाचा फरक पाहिजेच पाहिजे.

मग ओळख कशाने राहणार, करड्याला कोण ओळखतं? भाऊ यावर बरेच दिवस रुसून होता. आम्ही संत्री सोडला नाही, फक्त चित्राजवळून हलवला. थंबनेलवर आहे, सुरुवातीच्या दोन सेकंदांत आहे. त्यानंतर लगेच चित्र आणत नाही, कारण भडक संत्री बघितल्यावर डोळ्यात काही क्षण निळसर छाया रेंगाळते आणि ती चित्रावर पडते. म्हणून मधे थोडा वेळ नुसता करडा, त्यावर पांढऱ्या अक्षरात एक प्रश्न.

प्रश्नाची कल्पना यार्बुस या रशियन शास्त्रज्ञाच्या प्रयोगावरून घेतली. त्याने रेपिन या रशियन चित्रकाराचं एक चित्र, घरी अचानक परतलेला माणूस आणि दचकलेलं कुटुंब, दाखवून डोळ्यांची हालचाल नोंदवली. लोकांची वयं ओळखा म्हटलं की नजर चेहऱ्यांवर फिरायची, घरची परिस्थिती कशी आहे विचारलं की कपड्यांवर आणि सामानावर. चित्र तेच, प्रश्न बदलला की रस्ता बदलला. मला वाटतं कलेवरच्या व्हिडिओची खरी ओळख इथे आहे, बघणाऱ्याला बघायला लावण्यात. आधी प्रश्न, मग आठ सेकंद फक्त चित्र, ना मजकूर, ना आवाज, ना झूम. त्यानंतर आम्ही बोलतो.

पद्मपाणीचा व्हिडिओ परत केला तेव्हा प्रश्न ठेवला, "हा कोणाकडे बघतोय?" मावशीला तिच्या फोनवर दाखवला. तिने त्या आठ सेकंदांत फोन पार नाकाजवळ नेला, बोटाने स्क्रीन पुसला आणि म्हणाली, "खाली बघून राहिला. पण कोणाकडेच नाही."