छिद्र नॅनोमीटरचे, आकडा किलोडाल्टनचा

अल्ट्राफिल्ट्रेशन, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून रेणू गाळणे, हा शब्द १९०७ सालचा. पडदा ज्यापासून बनतो ते कलोडियन (नायट्रोसेल्युलोजचे द्रावण) दाट-पातळ केले की छिद्रे लहानमोठी होतात, हे तेव्हाच कळले होते. पण प्रथिने गाळण्याचे काम मार्गी लागले ते १९६० च्या दशकात, वर अतिशय पातळ घट्ट थर आणि खाली सच्छिद्र आधार असे पडदे बनू लागल्यावर. ‘कट-ऑफ’चा, म्हणजे किती वजनाचे रेणू पडदा अडवतो या आकड्याचा, घोळही त्याच पडद्यांपाठोपाठ आला.

वरच्या थरातली छिद्रे एकसारखी नसतात आणि थेट मोजणे अवघड. म्हणून उत्पादकांनी सोपी वाट धरली: माहीत असलेल्या वजनाचे रेणू पडद्यातून गाळून पाहायचे आणि ज्या वजनाचे साधारण ९० टक्के रेणू अडतात तो आकडा पडद्याला द्यायचा. किलोडाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक; ३० किलोडाल्टनचा पडदा म्हणजे एवढेच. ही सोय होती, माप नव्हते. चाचणीचा रेणू कोणता, ९० टक्के धरायचे की ९५, यावरही सर्वांचे एकमत झाले नाही.

छिद्राला वजन कळत नाही, आकार कळतो. गोलसर प्रथिनाचा व्यास दुप्पट व्हायला वजन आठपट लागते. उलट ७० किलोडाल्टनचा डेक्स्ट्रान, म्हणजे साखरेच्या रेणूंची लांब साखळी, सैल, पसरलेला. त्याची त्रिज्या सुमारे ६ नॅनोमीटर. जवळपास तेवढ्याच वजनाच्या अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाची जेमतेम साडेतीन. डेक्स्ट्रानवर ठरवलेला आकडा अल्ब्युमिनला लावला की प्रथिन खाली उतरते आणि दोष मात्र पंपाला किंवा बफरला (प्रथिन ज्या द्रावणात असते त्याला) दिला जातो.

९० टक्के म्हणजे ‘अडते’, हा समज त्याहून महागात पडतो. आकारमान स्थिर ठेवून दहापट बफरने डायाफिल्ट्रेशन केले, म्हणजे गाळून गेले तेवढे नवे बफर ओतत राहिले, तर अशा पडद्यावर शेवटी उरते फक्त ३७ टक्के प्रथिन. म्हणून १५० किलोडाल्टनच्या अँटिबॉडीसाठी ३० किंवा ५० चा पडदा घेण्याची रीत पडली. हे लेबलवर मोठ्या अक्षरात हवे होते, असे माझे मत.

पुढे विद्युतभाराचा मुद्दा आला. मीठ कमी असेल तर सारख्याच भाराचा पडदा प्रथिनाला दूर लोटतो. मग छिद्र मोठे असूनही ते अडते. विषाणू गाळणाऱ्या पडद्यांवर मात्र पुन्हा नॅनोमीटर आले: सुमारे २० च्या पडद्यातून १० नॅनोमीटरची अँटिबॉडी पार होते आणि १८ ते २४ नॅनोमीटरचा पार्व्होव्हायरस मागे राहतो. तिथेही पडदा मंजूर होतो तो छिद्र मोजून नव्हे, विषाणू किती पटींनी घटले हे पाहून.