कुत्र्याला जिभेतून घाम येत नाही!

उन्हाळा लागला की तो फॉरवर्ड हमखास फिरायला लागतो, कुत्र्याला घाम जिभेतून येतो म्हणून ती बाहेर लोंबते, आणि त्याच्याच खाली चार टिप्स, त्यातल्या दोन चुकीच्या. जिभेवर घामाच्या ग्रंथी नसतात हो. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांना, आणि तोही इतका थोडा की फरशीवर ओले ठसे उमटतील, अंग काही त्याने गार होणार नाही. आता बघा, अंगभर केस, आतलं तापमान मुळातच साडेअडतीसच्या आसपास म्हणजे आपल्यापेक्षा जास्त, आणि बाहेर पारा चाळिशीला, मग हा प्राणी तग धरतो कसा? तर धापा टाकून. आणि ही जी धाप आहे ना, ती नीट समजली की उन्हाळ्यात कुत्र्याचं काय करायचं आणि काय नाही हे कुणाला विचारावंच लागत नाही.

शाळेतलं आठवा, पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते. शरीराच्या तापमानाला १ ग्रॅम पाणी उडून जाताना साधारण २,४०० ज्यूल घेऊन जातं. वीस किलोच्या कुत्र्याचं तापमान एका अंशाने उतरवायचं तर ढोबळ हिशोबाने ७० किलोज्यूल काढायला हवेत, म्हणजे जेमतेम ३० ग्रॅम पाणी, दोन मोठे चमचे! अर्थात शरीर आत सतत उष्णता तयार करतच असतं त्यामुळे प्रत्यक्षात जास्त लागतं, पण अंदाज आला असेल. अट एकच, ते पाणी उडालं पाहिजे. लाळ टपकून फरशीवर पडली तर कुत्र्याच्या खात्यात जमा काहीच नाही, उलट पाणी मात्र गेलं.

आता हे पाणी उडतं कुठून, तर जिभेवरून आणि तोंडातून उडतंच, पण मोठा वाटा नाकाचा. १९७० मध्ये क्नूट श्मिट-नील्सन (उंटांवर काम करून गाजलेले तेच) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की धापा टाकताना कुत्रं हवा आत घेतं नाकाने आणि बाहेर सोडतं बरीचशी तोंडाने. का? कारण नाकातल्या घड्यांवरून कोरडी हवा आत जाताना ओलावा उचलते आणि तो भाग गार करते. तीच हवा परत नाकाने बाहेर आली तर उष्णता आणि पाणी दोन्ही तिथेच परत ठेवून जाते, म्हणजे केलेलं सगळं पाण्यात. तोंडाने सोडली की उष्णता थेट बाहेर. किती हवा नाकाने सोडायची आणि किती तोंडाने हे कुत्रं बदलत राहतं. आणि नाक ओलं ठेवायला नाकातच एक खास ग्रंथी असते जी गरम झालं की जास्त पाझरते.

पण मला सगळ्यात आवडतो तो पुढचा भाग. मिनिटाला तीनशे वेळा श्वास घ्यायचा म्हणजे स्नायूंना केवढं काम, आणि स्नायू काम करतात तेव्हा उष्णता तयार होते, म्हणजे गार व्हायला जावं आणि अजून तापावं असं व्हायला हवं. होत नाही. छाती आणि फुप्फुसं लवचिक असतात, ताणली की परत येतात, आणि अशा प्रत्येक गोष्टीची स्वतःची एक लय असते. झोक्याला त्याच्या लयीत हलकासा धक्का दिला तरी तो उंच जातो, भलत्याच वेळी दिला तर ताकद वाया. १९६२ मध्ये युजीन क्रॉफर्ड यांनी कुत्र्याच्या श्वसनसंस्थेची ही नैसर्गिक लय मोजली, ती निघाली सेकंदाला पाचच्या जरा वर, म्हणजे मिनिटाला साधारण ३२०, आणि कुत्री धापा टाकतात तेही जवळपास त्याच वेगाने! म्हणूनच कुत्रं शांत तरी श्वास घेतं नाहीतर एकदम धापा टाकतं, मधला वेग फार दिसत नाही. ही लय नसती तर जितकी उष्णता बाहेर गेली त्याहून जास्त स्नायूंनीच तयार केली असती.

अजून एक पेच. इतक्या भराभर श्वास घेतल्यावर रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जाऊन रक्त अल्कधर्मी व्हायला हवं. तेही सहसा होत नाही, कारण हे श्वास उथळ असतात, हवा वरच्या नळ्यांमध्येच ये-जा करते, वायूंची देवाणघेवाण होते त्या पिशव्यांपर्यंत तिचा थोडाच भाग पोहोचतो. पण कुत्रं हाताबाहेर तापलं की श्वास खोल होतात, कार्बन डायऑक्साइड घसरतो, रक्ताचं गणित बिघडतं, आणि तिथून प्रकरण भराभर गंभीर होतं.

जाता जाता, उन्हामुळे कुत्री पिसाळतात ही समजूतही आता सोडा. प्राचीन रोमन लोक व्याधाच्या ताऱ्याला (त्यांच्या लेखी तो कुत्र्याचा तारा, आणि कडक उन्हाळा त्याच्यामुळेच) घाबरून तांबूस कुत्र्यांचे बळी द्यायचे, आपण निदान तेवढं तरी करत नाही. रेबीज विषाणूने होतो, उन्हाने नाही. जीभ काढून सावलीत पडलेलं कुत्रं पिसाळलेलं नसतं, तापलेलं असतं. (चावलं तर मात्र लस घ्यायचीच, त्यात चर्चा नाही.)

तर धापेची सगळी मदार पाणी उडण्यावर आहे. म्हणून दमट हवा कोरड्या उन्हाइतकीच वाईट. म्हणून पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांचे हाल जास्त, नाकात पुरेशी जागाच नाही. म्हणून कोरड्या कुत्र्यावर नुसता पंखा सोडून फार फायदा नाही, घामच नाही तर वारा उडवणार काय? आधी अंग ओलं करा, केसांच्या आत कातडीपर्यंत, पोट आणि मांड्यांची आतली बाजू, मग पंखा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, काही वेळात तोच गरम होतो आणि वाफ अडवून धरतो. दुहेरी केसांच्या (आत मऊ थर, वर लांब केस) कुत्र्याला भादरू नका, आतला मोकळा झालेला थर विंचरून काढा, वरचे केस ऊन अडवतात. आणि गाडी, काच थोडी उघडी ठेवली तरी बंद गाडी बाहेरच्यापेक्षा तासाभरात वीसेक अंशांनी तापते, त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासात. तरी उष्माघाताची कुत्री जास्त येतात ती गाडीतून नाही, भर उन्हात पळवल्यामुळे, कारण मालक पळतोय तोवर कुत्रंही थांबत नाही. रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली नाही तर फिरायला नेऊच नका.

लाळ चिकट होणं, हिरड्या लालभडक, चाल लटपटणं, उलटी, आणि तापमान ४१ च्या पुढे, म्हणजे उष्माघात. तेव्हा थंड पाण्याने शॉक बसतो हे ऐकत बसू नका, तरुण धडधाकट कुत्र्याला सरळ थंड पाण्यात बसवा, डोकं मात्र वर धरा, म्हाताऱ्या किंवा आजारी कुत्र्यावर पाणी ओतून वारा घाला, साडेएकोणचाळीसपर्यंत उतरलं की थांबा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. आधी गार करायचं, मग दवाखाना, आणि कुत्रं शेपूट हलवायला लागलं तरी न्यायचंच, कारण किडनीचं आणि रक्त गोठण्याचं बिघडलेलं काम कधीकधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी समोर येतं.