कोळी मुतला, कोळी चावला. पण पाहिला कोणी?

धान निसवायला लागलं की साकोलीकडच्या माझ्या मामेभावाचा एक फोन ठरलेला. यंदा फोनआधी फोटोच आला. त्याच्या बायकोच्या मानेवर चाबकाचा वळ उठावा तशी लाल रेघ, तिच्यावर बारीक फोड. खाली लिहिलेलं, ‘दादा, कोळी मुतला. काय लावू?’

‘कोळी पाहिला का?’

‘नाही जी. रातीच मुतला असन.’

कोळी असा मुततच नाही. पाणी वाचवण्यासाठी त्याचं शरीर नत्राचा कचरा ग्वानीनच्या पांढऱ्या घट्ट लगद्यात टाकून देतं, आणि त्याने आपल्या कातडीला काही होत नाही. ही रेघ उमटवणारा प्राणी वेगळाच आहे. पीडेरस नावाचा, मुंगीसारखा दिसणारा, लाल-काळ्या पट्ट्यांचा भुंगेरा. धानाच्या बांधीत राहतो, पिकावरच्या बारीक किडी खातो आणि रात्री ओसरीतल्या बल्बवर येतो. चावत नाही. मानेवर वळवळलं म्हणून आपणच त्याला चिरडतो, आणि त्याच्या अंगातलं पेडेरिन नावाचं विष कातडीवर सारवलं जातं. आग व्हायला एखादा दिवस जातो. तोवर किडा कोणाच्या लक्षातही नसतो. खरी गंमत पुढे आहे. पेडेरिन त्याच्या शरीरात राहणारे जिवाणू बनवून देतात, मादी ते अंड्यांत भरते, आणि त्यामुळे अळ्यांना कोळी तोंड लावत नाहीत. म्हणजे जे विष कोळ्याला लांब ठेवण्यासाठी आहे, त्याचाच आळ आपण कोळ्यावर घेतो.

मग कोळी चावतच नाही का? चावतो. जवळजवळ सगळ्या कोळ्यांना विषही असतं, पण ते माशी-झुरळाच्या मापाचं. बहुतेकांचे दात आपल्या कातडीत धड शिरतही नाहीत. भिंतीवर पळणारा, तळहाताएवढा चपटा, पोटाखाली पांढरी चकती धरलेला कोळी दिसला की घर डोक्यावर घेतलं जातं. तो बिचारा झुरळं खायला आलेला असतो. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एका घरातून सहा महिन्यांत २,०५५ विषारी तपकिरी कोळी पकडले गेले. चौघांचं कुटुंब वर्षानुवर्षं त्याच घरात राहत होतं आणि एकालाही विषबाधा झालेली नव्हती. २००२ साली हे शोधनिबंधात छापून आलं.

खरोखर जड जाणारा कोळी म्हणजे ‘विडो’ गटातला. या गटातल्या जाती भारतातही नोंदल्या आहेत. त्याचं विष कसं चालतं हे मला फार आवडतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

मज्जातंतू स्नायूला टेकतो तिथे त्याच्या टोकाशी असिटिलकोलीन या निरोप पोचवणाऱ्या रसायनाने भरलेल्या अतिसूक्ष्म पिशव्या रचून ठेवलेल्या असतात. मेंदूचा निरोप टोकापर्यंत आला की कॅल्शियमची दारं क्षणभर उघडतात, कॅल्शियम आत येतं, काही पिशव्या फुटतात आणि स्नायू आखडतो. बोडीचं, म्हणजे शेतालगतच्या लहान तळ्याचं, दार मोजून उघडावं आणि बांधीला हवं तेवढंच पाणी सोडावं, तसं. विडोच्या विषातलं अल्फा-लॅट्रोटॉक्सिन दार उघडायच्या भानगडीत पडत नाही, ते पाळच फोडतं. त्याचे चार रेणू एकत्र येऊन टोकाच्या पटलात मधे भोक असलेलं कडं बसवतात. त्या भोकातून कॅल्शियम बेबंद घुसतं आणि पिशव्या रित्या होत जातात. परिणाम म्हणजे पेटके, दरदरून घाम, फळीसारखं घट्ट पोट. माणूस ओरडतो, घर जागं होतं, गाडी काढली जाते. दुखणं भयंकर, पण मृत्यू क्वचित.

आता त्याच टोकाशी येणारं दुसरं विष पाहा, मण्यार सापाचं. त्यातल्या बीटा-बंगारोटॉक्सिनचा एक भाग टोकाला धरून बसतो. दुसरा भाग, फॉस्फोलिपेज ए-२ हे विकर, पटलातली स्निग्ध द्रव्यं कुरतडतो. पिशव्या संपतात, नव्या तयार होत नाहीत, टोकच निकामी होतं. सोबतचं अल्फा-बंगारोटॉक्सिन पलीकडे स्नायूवरची, निरोप घेणारी कुलपं बंद करतं. इथे आखडणं नाही, ढिलं पडणं आहे. आधी पापण्या, मग गिळणं, मग श्वास. टोक एकदा मोडलं की प्रतिविषाने ते जुळत नाही, नवं उगवावं लागतं, आणि तोवर व्हेंटिलेटर. म्हणून प्रतिविष लवकर मिळण्याला महत्त्व. आणि मण्यारचा दंश बहुधा दुखत नाही, सुजत नाही, खूणही सुईच्या टोकाएवढी.

खाली अंथरूण टाकून झोपलेला माणूस रात्री दोनला उठतो, ‘काहीतरी चावलं, कोळी असन’ म्हणतो आणि पुन्हा झोपतो. मला भीती या वाक्याची वाटते. चावणारा दिसला नसेल, रात्र असेल, माणूस जमिनीवर झोपलेला असेल, तर तो साप समजूनच चला. पोटात दुखणं, पापण्या जड होणं, एकाचे दोन दिसणं, थुंकी गिळता न येणं यांची वाट पाहू नका. हात-पाय फळी लावून स्थिर करा, दोरी आवळू नका, १०८ ला फोन करा. डॉक्टर चोवीस तास ठेवून घेतो म्हणाले तर भांडू नका.

चावताना कोळीच पाहिला असेल तर काम सोपं आहे. जागा साबणाने धुवा, ओल्या थंड कापडाची घडी ठेवा, सूज येण्याआधी अंगठी, बांगड्या, जोडवी काढा, दुखलं तर पॅरासिटामॉल घ्या. लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढून ठेवा. लाली रेघ ओलांडत गेली, ताप आला, पेटके किंवा घाम सुरू झाला तर दवाखाना गाठा. चेहरा सुजला किंवा दम लागला तर क्षणभरही थांबू नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारून घ्या. कोळी मेला असेल तर डबीत घालून न्या, जिवंत असेल तर फोटो पुरे. चिरा, चुना, चटका, तोंडाने ओढणं, काही नको.

काळी खपली आणि ताप एकत्र दिसले तर आणखी एक शक्यता असते, स्क्रब टायफसची. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर परिसरात त्याची साथ आली होती. गवतातल्या माइटची अळी चावल्याने तो होतो. हा माइट कोळ्याचा दूरचा नातलग, त्यामुळे इथे आळ निदान भावकीत तरी राहतो. डॉक्सिसायक्लिनने बरा होतो, पण वेळेवर ओळखावा लागतो.

राहिला मांत्रिक. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत कुत्रा, साप, विंचू चावल्यावर उपचार रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. कोळ्याचं नाव त्यात नाही. ‘कोळी उतरवणारे’ सुखात असतील.

एवढं सगळं मी भावाला फोनवर सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘ते समजलं जी दादा. पण हिच्या मानेला आता लावू काय?’ साबणाच्या पाण्याने धू म्हटलं, फोड फोडू नका, तो हात डोळ्याला लावू देऊ नको, आठवडा-दहा दिवसांत वाळेल. आणि ओसरीतला बल्ब अंथरुणापासून लांब लाव.