हंसराज ओळखावा तो पानाच्या काठावरून

भर पावसाळ्यात कोल्हापूरहून गगनबावड्यावरून पुढे निघाले आणि करूळ घाटाच्या एखाद्या वळणावर थांबले, की दरडीच्या ओल्या भेगांतून नाजूक नेच्यांचे, म्हणजे फर्नचे, झुबके लोंबताना दिसतात. त्यांतल्या बहुतेकांना आपण सरसकट हंसराज म्हणून मोकळे होतो, आणि चूक तिथेच होते.

खऱ्या हंसराजाचा, म्हणजे ॲडियंटम फिलिपेन्सचा, देठ काळाकुळकुळीत, चकचकीत आणि तारेसारखा बारीक असतो. त्याच्या दोन्ही अंगांना एकाआड एक अर्धचंद्राकृती पर्णिका, म्हणजे पानाचे छोटे भाग, येतात; त्यांना मधली ठळक शीर नसते, तर देठाजवळून निघालेल्या शिरा पंख्यासारख्या दुभागत थेट काठापर्यंत जातात. पानावर पडलेले पाणी अळवावरून घरंगळावे तसे घरंगळते. ॲडियंटम या ग्रीक मुळाच्या नावाचा अर्थच 'न भिजणारा' असा आहे.

मात्र कोवळ्या रोपाची पाने वेगळी दिसत असल्यामुळे केवळ आकारावर विसंबू नये. पान उलटावे. पूर्ण वाढलेल्या पर्णिकेचा बाहेरचा काठ, साडीला फॉल लावताना कड दुमडावी तसा, पाठीकडे वळलेला असतो. ही तपकिरी दुमड सुईने उचलून दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली धरली, तर बीजाणूंच्या, म्हणजे ज्यांपासून नेचा रुजतो त्या सूक्ष्म कणांच्या, पिशव्या पानाच्या पाठीवर नव्हे, तर दुमडीच्याच आतल्या बाजूला चिकटलेल्या आढळतात. टेरिस वंशातील नेच्यांचा काठही असाच दुमडतो, पण तिथे पिशव्या पानावर असतात आणि दुमड हे नुसते झाकण असते. माझ्या मते ओळखीची सर्वांत भरवशाची खूण हीच. हंसराजाच्याच वंशातील ॲडियंटम कॅपिलस-व्हेनेरिसच्या पिशव्याही दुमडीलाच असतात, परंतु त्याचे पान दोन-तीनदा विभागलेले आणि पर्णिका पाचरीसारख्या असतात. पाठीवर पांढरी भुकटी असलेले नेचे तर निराळेच. त्यांचा ठसा हातावर उमटतो.

हंसराजाची आणखी एक गंमत अशी, की पानाचा शेंडा लांबत जाऊन जमिनीला टेकतो, तिथे मुळे फुटतात आणि नवे रोप उभे राहते. बीजाणूंपासूनची वाट मात्र पाण्यावाचून अडते. बीजाणू रुजून आधी काही मिलिमीटरांचा, हृदयाच्या आकाराचा हिरवा पापुद्रा तयार होतो आणि त्यावरील पुंपेशींना स्त्रीपेशीपर्यंत पाण्यातून पोहतच जावे लागते.

पौषात तीच दरड पाहिली, तर भेगांत काळ्या देठांचा वाळका गुंता तेवढा दिसतो. जमिनीखालचे आखूड खोड मात्र आत जिवंत असते.