प्रेगाबालिनच्या लेबलवरचा तो 'सेंट्रल' कुठून आला

स्पायनल इंजुरीनंतर, म्हणजे मज्जारज्जूला दुखापत झाल्यावर, जिथली संवेदना गेलीय नेमकी तिथेच आग का होते, साध्या पेनकिलरला ती दाद का देत नाही, हे इथल्या वाचकांना नव्याने सांगायला नको, बिघाड नसांच्या यंत्रणेतच असतो. म्हणून पहिल्यापासून दुसऱ्या आजारांची औषधं उसनी घेतली गेली, डिप्रेशनचं अमिट्रिप्टिलिन, फिट्सचं कार्बामाझेपिन, मग गॅबापेंटिन. अमिट्रिप्टिलिनची ८४ स्पायनल पेशंटवरची चाचणी २००२ मध्ये छापून आली आणि त्यात काही फायदा दिसला नाही, पण तिथे सगळ्या प्रकारचं जुनाट दुखणं एकत्रच धरलेलं, त्यामुळे नसांच्या दुखण्याबद्दल त्यातून फार काही कळत नाही. गॅबापेंटिनची २००४ ची तुर्कस्तानातली चाचणी चांगली आली, पण पेशंट फक्त २०.

खरा घोळ प्रेगाबालिनचा, म्हणजे गॅबापेंटिनच्याच जातीच्या औषधाचा, आणि त्याच्या लेबलचा, म्हणजे ते कोणत्या दुखण्यासाठी मंजूर आहे त्याचा. २००६ मध्ये १३७ स्पायनल पेशंटवरची ऑस्ट्रेलियातली १२ आठवड्यांची चाचणी आली, दहापैकी साडेसहाच्या आसपासचं दुखणं साधारण साडेचारवर आलं आणि प्लासिबोवाल्यांचं (औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्यांचं) जवळपास तिथेच राहिलं. आता त्याच वर्षी युरोपच्या नियामकांनी परवानगी दिली ती 'सेंट्रल न्यूरोपॅथिक पेन'ला! म्हणजे नसांच्या अशा दुखण्याला, ज्यात मेंदू किंवा मज्जारज्जू, कुठेही बिघाड असो, स्ट्रोकनंतरचं दुखणंसुद्धा त्यात बसतं. या सरसकट परवानगीच्या बाजूने बोलणारे म्हणायचे की मेकॅनिझम सारखाच आहे आणि असे पेशंट चाचणीसाठी मिळतात किती, मुद्दा अगदीच चुकीचा नाही, पण स्ट्रोकचा एकही पेशंट नसलेल्या चाचणीवर स्ट्रोकवाल्यांनाही गोळी लिहायची मोकळीक मिळाली हे मला तरी पटत नाही. २०११ मध्ये स्ट्रोकनंतरच्या दुखण्यावर २१९ जणांची चाचणी आली आणि दुखण्याच्या आकड्यात प्लासिबोशी ठोस फरक निघालाच नाही, तरी लेबल होतं तसंच राहिलं.

अमेरिकेने स्पायनल पेशंटवरची दुसरी, २२० जणांची १६ आठवड्यांची चाचणी होईपर्यंत थांबून जून २०१२ मध्ये परवानगी दिली आणि तीही फक्त स्पायनल इंजुरीपुरती. हे जास्त प्रामाणिक वाटतं. गुंगी, चक्कर, पायाला सूज हा त्रास मात्र दोन्ही चाचण्यांत होताच, आणि बरेच जण आधीच्या पेनकिलर चालू ठेवूनच वर ही गोळी घेत होते, हे जाहिरातीत कोण सांगतंय.

गॅबापेंटिन आणि प्रेगाबालिन दोन्ही नसांच्या पेशींवरच्या कॅल्शियम चॅनलच्या (कॅल्शियम आत सोडणाऱ्या दाराच्या) एकाच भागाला चिकटतात, पण गॅबापेंटिनला स्पायनलसाठी अमेरिकेत असं लेबल मिळालंच नाही. पेटंट संपून स्वस्त जेनेरिक आल्यावर मोठ्या चाचणीवर पैसे घालणार कोण?

२०१९ मध्ये अमेरिकेत प्रेगाबालिनही जेनेरिक झालं आणि त्याच वर्षी ब्रिटनने गैरवापरामुळे दोन्ही औषधं नियंत्रित यादीत टाकली. आपल्याकडे प्रेगाबालिन बऱ्याचदा मिथाइलकोबालामिनसोबत (व्हिटॅमिन बी१२ चा एक प्रकार) एकाच गोळीत येतं. चाचण्यांत डोस दिवसाला १५० ते ६०० मिलिग्रॅम, पेशंटला सोसेल तसा कमी-जास्त केलेला, आणि जोडगोळीत एक वाढवलं की दुसरंही वाढतं.